दोन्ही नावांची एकच बाई

क्लेमेंटी, सिंगापूर
१२ मार्च २००७

प्रिय वहिनी,

अक्षर ओळखलंस ना? मी निशिगंधा. पत्र पाहून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझा पत्ता शैलाकडून मिळाला, जुरोंग ईस्टच्या तुझ्या मैत्रिणीकडून. तीही सहजासहजी देत नव्हती. कुणाला सांगणार नाही अशी माझ्या गार्गीची शपथ घ्यायला लावली, मग कुठे दिला.

काम अगदी बारीकसं आहे. घटस्फोटात तुझ्या वाट्याला आलेला हा फ्लॅट तू आम्हाला विकलास तेव्हाचे आपले वकील आठवतात का, ते मिस्टर को, बोलता बोलता सारखी पेपरमिंटची गोळी पुढे करणारे? ते आजारी पडले आणि त्यांचं ऑफिस बंद झालं. फायली दुसऱ्या एका फर्मकडे गेल्या आहेत. तिथल्या मिस तान म्हणतात की आपल्या खरेदीची नोंदणी एका कागदावाचून अडली आहे. मालकीच्या नोंदीत नाव आहे जान्हवी प्रबोध सबनीस आणि विक्रीच्या दस्तावर सही आहे बेबी मनोहर दुधाणे. या दोन्ही नावांची एकच बाई आहे, एवढं तू शपथपत्रावर लिहून द्यायचं आणि घटस्फोटाच्या निकालाची प्रत सोबत जोडायची. मसुदा पाठवते आहे. बेळगावात नोटरी मिळेलच.

नुसती फॉर्मॅलिटी आहे. मी काही घाबरलेली नाही. फक्त जरा लवकर पाठव. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यातच. कुरिअरचा खर्च मी देईन.

आई इथेच आहे. गार्गी तुझ्या-माझ्या खांद्याला लागली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. दिलीपचं काँट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे, पुढचं पुढे. दादाबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही.

तुझी,
निशिगंधा


क्लेमेंटी
२ एप्रिल २००७

प्रिय वहिनी,

पत्र पोचलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घालत होते, पण काल पोचपावती परत आली. तिच्यावर कुणा सौ. पाटील यांची सही आहे. घरमालकीण असावी. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं आहे आणि तू उत्तर दिलेलं नाहीस.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी सरळ बोलले नाही. मी घाबरलेली आहे. नुसती घाबरलेली नाही, पाचावर धारण बसली आहे. भाजीत मीठ दोनदा पडतं, बस आपल्या स्टॉपवरून पुढे निघून जाते, आणि दिलीपनं "काय झालं?" विचारलं की मी त्याच्यावरच खेकसते.

झालं असं. ही आपली जुनी इमारत सगळी मिळून एका बिल्डरला विकायची टूम निघाली आहे. इथे त्याला एन ब्लॉक म्हणतात. बहुतेक मालकांनी होकार दिला की उरलेल्यांचीही घरं जातात आणि पैसे ज्याच्या-त्याच्या नावे येतात. गेल्या महिन्यात खालच्या फंक्शन रूममध्ये मीटिंग होती. आम्ही ऐटीत गेलो, आमचा नकार नोंदवायला. कमिटीतल्या म्हाताऱ्या अंकलनी यादीवरून बोट फिरवलं, आमच्या नंबरावर थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"धिस युनिट ओनर मॅडम जान्हवी वॉट. यू टेनंट, इज इट?"

टेनंट! सगळी माणसं वळून बघायला लागली. दिलीप हसला. त्याला वाटलं, यादी जुनी आहे. 

आता तू म्हणशील, तीन वर्षं झोपला होतात का? तर हो. प्रॉपर्टी टॅक्सची पत्रं तुझ्या नावानं येत होती आणि आम्ही गुमान भरत होतो. पुण्याच्या घराचं वीजबिल ते विकेपर्यंत आजोबांच्या नावावर येत होतं, आणि आजोबा तर माझ्या लग्नाच्या आधीच गेले. आपल्याला त्यात काही वावगं वाटतच नाही. म्हटलं, सरकारी काम, होईल सावकाश. आम्ही किल्ली घेतली, उंबऱ्यावर तांदळाचं माप ओलांडलं, दारावर पाटी लावली. घर आपलं झालं म्हणायला आपल्या माणसांना आणखी काय लागतं?

खरं काय घडलं ते मिस तानना फायलीत सापडलं. दस्त नोंदणीला गेला होता आणि नावं जुळत नाहीत म्हणून परत आला होता. मिस्टर कोंनी तो तसाच ठेवून दिला, मग ते आजारीच पडले. सहीच्या दिवशी तू नवा पासपोर्ट काढून पुढे ठेवलास ते आठवतं? मिस्टर कोंनी भुवया उचलल्या तेव्हा मीच म्हटलं होतं, "सेम लेडी, मिस्टर को. आमच्यात लग्नात बाईचं सगळंच नाव बदलतं." त्यांना मोठी गंमत वाटली. तिघंही हसलो आणि त्यांनी शिक्का मारला.

हे एन ब्लॉकचं तुला मुद्दाम लिहिलं नव्हतं. कारण उघड आहे. कायद्याच्या लेखी आज हे घर तुझं आहे. तू नुसती गप्प बसलीस तरी पैसे तुझ्या नावे निघतील. मिस ताननी कॅव्हेट घातली आहे, म्हणजे आमचाही हक्क आहे अशी सरकारदरबारी हरकत. पण त्यानं काही आम्ही मालक ठरत नाही. पुण्याचा फ्लॅट आम्ही यासाठी विकला, हे तुला माहीत आहे. हे गेलं तर परत जायला तिथेही घर नाही.

तू तशी नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण शपथेवर सांगते, रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा मला तुझीच भीती वाटते.

निशिगंधा


क्लेमेंटी
२६ एप्रिल २००७

प्रिय बेबी,

हे नाव लिहिताना विचित्र वाटतं आहे. तुला या नावानं मी कधी हाक मारली नाही. पण आता असंच लिहीन.

काल शैला घरी आली, चहासुद्धा न घेता खाली गार्डनमध्ये घेऊन गेली आणि तिनं मला फाडून खाल्लं. पाकिटांवर मी 'श्रीमती जान्हवी प्रबोध सबनीस' लिहिलं होतं. नोंदीतल्या नावानंच पाठवायचं, असं मिस तान म्हणाल्या होत्या, आणि मी आज्ञाधारकपणे ते ठसठशीत अक्षरात लिहिलं. सबनीस हे आडनाव, सिंगापूरचं तिकीट. पाकीट पाहिल्याबरोबर दादानं तुला शोधून काढलं असं तुला वाटलं, हे मला शैलानं सांगितलं. तू शाळेतल्या नोकरीवर जाणं बंद केलंस, खिडक्या लावून घेतल्यास. पाटीलबाई विचारायला लागल्या, ही जान्हवी सबनीस कोण? आणि माझी दोन्ही पत्रं तर तू उघडलीसुद्धा नाहीस.

मी तुझ्या गप्प बसण्याला घाबरत होते आणि तू माझ्या पाकिटाला घाबरत होतीस. क्षमा कर. अक्कल गहाण ठेवल्यासारखं वागले मी.

जान्हवी हे नाव आईनं ठेवलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळात दादानं अंगठीनं ते लिहिलं, तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते. "बेबी काय, लोक हसतील," असं आई म्हणाली होती. तू मान खाली घालून ते वाचलंस आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नावाला ओ द्यायला लागलीस. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. माझं नाव दिलीपच्या घरी बदललं नाही, म्हणून मी तोरा मिरवत होते.

या घरात तू असताना काय चालायचं तेही मला ठाऊक होतं. सगळं नाही, पण पुरेसं. दादानं माझं शिक्षण केलं, बाबा गेल्यावर घर ओढलं, त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. अजूनही रेटत नाही. इतकंच लिहिते की तू निघून गेलीस त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं.

आता वाईट बातमी. आईनं त्याला फोनवर सगळं सांगून टाकलं. तिच्या मते घरचं संकट थोरल्या मुलाला सांगायचंच असतं. पत्ता तिला माहीत नाही, पण मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. तो येतो आहे. "मी येतो, सगळं निस्तरतो," असं म्हणाला. बेबी, शपथपत्र लवकर पाठव. तो यायच्या आत आलं तर काही प्रश्नच उरणार नाही.

निशिगंधा


जुरोंग ईस्ट
१८ मे २००७

प्रिय बेबी,

लायब्ररीत बसून लिहिते आहे. घरी लिहिता येत नाही. दादा आला आहे, हॉलमध्ये झोपतो.

पूर्वीसारखाच आहे. विमानतळावर मला जवळ घेतलं, आईसाठी तिचं संधिवाताचं तेल आणलं, गार्गीला घड्याळ. दिलीपला मटण करून घातलं. शेजारची मिसेस वाँग म्हणाली, "युअर ब्रदर सो नाइस." मी हो म्हटलं. आणि तरी तो खोलीत आला की मी उगाचच उठून उभी राहते.

घटस्फोटाच्या निकालाची एक प्रत त्याच्याकडे आहे. ती घेऊनच आला आहे, बॅगेत आहे, मला दाखवली. पहिल्याच ओळीत तुझी दोन्ही नावं आहेत. मी मिस तानना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझी सही झालेला दस्त फायलीत आहेच. ही प्रत मिळाली तर तुझ्या शपथपत्राचीसुद्धा गरज पडणार नाही, दस्त पुन्हा दाखल करता येईल. कोर्टातून आम्हाला प्रत मिळत नाही, आम्ही तिऱ्हाईत. आमच्या नुसत्या सांगण्याला किंमत नाही. म्हणजे तू किंवा तो, दोघंच.

त्यानं काय मागितलं ते तुला कळलंच असेल.

"निशी, मी काय तिला खाणार आहे का?" म्हणाला. "एकदा बोलायचंय. समोरासमोर. पत्ता दे, आणि हा कागद घे."

मी म्हटलं, पत्ता माझ्याकडे नाही, वकिलांकडे आहे. तो हसला. त्या दिवसापासून घरातले ड्रॉवर जागचे हललेले दिसतात. माझी पर्स सोफ्यावर ठेवली होती, ती खुर्चीवर सापडली. पोस्टाच्या पावत्या मी चिंध्या करून फ्लश केल्या. आता पत्ता फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि डोकं काही ठिकाणावर नाही.

एन ब्लॉकच्या सह्या जवळजवळ पुऱ्या झाल्या आहेत. कमिटीचे लोक लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत. दिलीप म्हणतो, तुझा भाऊ आहे, तूच ठरव. त्याच्या कंपनीनं आणखी लोक काढले.

तुझ्यापासून आता काही लपवणार नाही. परवा मी सांगायच्या बेतात होते. भांडी घासत होते, तो पुसत होता, लहानपणी पुसायचा तसाच, आणि बाबांची आठवण काढत होता. गल्लीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मनात म्हटलं, इतकी वर्षं झाली, माणूस बदलतो. नुसतं बोलेल. आपलं घर वाचेल. तेवढ्यात आईनं आतून हाक मारली म्हणून राहिलं. मी चांगली आहे म्हणून नाही.

बेबी, काहीतरी कळव. शैलाला फोन कर. मला माझाच भरवसा वाटत नाही.

निशिगंधा


क्लेमेंटी
४ जून २००७

प्रिय बेबी,

दादा गेला. घर बहुतेक जाणार. क्रमानं सांगते, नाहीतर माझी गाडी भरकटेल.

शनिवारी जेवणं झाल्यावर त्यानं पुन्हा विषय काढला. सगळ्यांसमोर. बॅगेतून ती प्रत काढून टेबलावर ठेवली.

"मी उद्या निघतोय. आता काय ते सांग."

आई म्हणाली, "सांग ना गं. नवरा होता तिचा. घरदार घालवशील आणि मग रडत बसशील."

मी काही बोलायच्या आत गार्गी म्हणाली, "आई, डोन्ट टेल हिम लाह." आणि मग त्याला सरळ, डोळ्यांत बघून, "शी डझंट वॉन्ट टु सी यू, मामा. व्हाय यू कान्ट अंडरस्टँड?"

तो एकदम शांत झाला. तुला ती शांतता माहीत आहे. गार्गीला नव्हती, पण काय कळलं कोण जाणे, ती उठून बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. त्या दाराची कडी तू असतानाच तुटलेली, आम्ही कधी बदलली नाही. तो मागोमाग गेला, दारावर तळवा टेकवून उभा राहिला, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "बाहेर ये."

तेवढंच. "बाहेर ये." मी हे ऐकलं होतं, बेबी. तुमच्याकडे सुट्टीत आले होते तेव्हा, याच हॉलमध्ये झोपायचं सोंग घेऊन. दाराच्या पलीकडे तेव्हा तू होतीस, आणि दार आतून पाठीनं रेटून धरल्याचा तो आवाज. परवा तोच आवाज माझ्या मुलीच्या बाजूनं आला.

 टेबलाला धरून उठले. त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, पत्ता माझ्याकडे आहे. मला पाठ आहे. आणि तो मी तुला देणार नाही. तू आत्ता माझ्या घरातून जा."

"तुझ्या?" तो म्हणाला. "कागद बघ आधी, कुणाचं घर आहे ते."

मग टेबलाकडे गेला, ती प्रत उचलली आणि माझ्यासमोर फाडली. घाई न करता, आडवी, मग उभी. आई "अरे, अरे" करत राहिली. दिलीप उठला आणि त्यानं त्याची बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. बारा वर्षांच्या संसारात मी त्याला इतक्या तडफेनं काही करताना पाहिलं नव्हतं. दादा गेला. गार्गी बाहेर यायला तयार होईना, मला दाराशी बसून तिची समजूत काढावी लागली. आई माझ्याशी बोलत नाही, पण संध्याकाळी दिलीपला म्हणाली, कडी बसवून घ्या.

मिस तान म्हणतात, आपण कोर्टात जाऊ. पैसे दिल्याचे पुरावे आहेत, बाजू वाईट नाही, पण वेळ लागेल आणि एन ब्लॉक थांबणार नाही. काय व्हायचं ते होईल.

आता महत्त्वाचं. तू काही पाठवू नकोस. शपथपत्रावर तुझा राहता पत्ता लिहावा लागतो, आणि इथली नोंदणीची कागदपत्रं फी भरली की कुणालाही बघता येतात. मिस ताननी हे आज सांगितलं. मी आधी विचारलंच नव्हतं. दादाला हे कळायला वेळ लागणार नाही. तेव्हा नको. मला घर हवं आहे, खूप हवं आहे, खोटं कशाला बोलू. पण असं नको.

पुन्हा लिहिणार नाही. पत्रं येत राहिली की धागा राहतो. जपून राहा.

निशिगंधा


बेळगाव
२१ जून २००७

प्रिय निशिगंधा,

तुझी पाचही पत्रं एकत्र वाचली. पहिली दोनही तेव्हाच उघडली. उशीर झाला, पण मला पाकिटाला हात लावायचं धाडस होत नव्हतं.

पत्रं वाचून झाल्यावर पाटीलबाईंना सगळं सांगितलं. जान्हवी सबनीस कोण, तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर खोचून माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. तिथे अर्ज दिला आहे. फौजदार फारसा मनावर घेईना, तेव्हा बाईंनीच त्याला कानडीत काय ते सुनावलं. मुख्याध्यापकांच्याही कानावर घातलं. आता गल्लीला माहीत आहे, शाळेला माहीत आहे. इतकी वर्षं ज्याला घाबरत होते, ते मीच करून टाकलं.

मग नोटरीकडे गेले. जुनं नाव लिहिताना चुकले आणि पहिला कागद वाया गेला. नोटरी म्हणाला, बाई, पाणी घ्या. दुसऱ्या कागदावर नीट लिहिलं. आधी बेबी, मग जान्हवी, आणि दोघी एकच म्हणून. निकालाची माझ्याकडची प्रत जोडून मिस तानना कुरिअर केलं. आज त्यांचा फोन आला. कागद पुरेसे आहेत, दस्त लगेच दाखल करते, म्हणाल्या. नोंदणी झाली की यादीत तुझं नाव लागेल. मग त्या अंकलना सांग, टेनंट कोण ते.

भीती गेलेली नाही. जिन्यात पाऊल वाजलं म्हणून हे लिहितानाही एकदा उठून दार बघून आले. तुला वाटेल, निशीच्या घरासाठी वहिनीनं जीव धोक्यात घातला. तसं काही नाही. घर तर मी तुला तेव्हाच विकलं होतं.

नोटरीकडे जाण्याआधी मिस तानना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, राहत्या पत्त्याऐवजी शाळेचा चालवून घेऊ का? मी नको म्हटलं. घर नंबर, गल्ली, पाटीलबाईंचं नाव, सगळं घातलं आहे. तू तो त्याला सांगितला नाहीस, म्हणून मला तो लिहिता आला.

बेबी